गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचारांचे दुष्परिणाम

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचारांचे दुष्परिणाम म्हणजे या आजारासाठी ओटीपोटाच्या पोकळीत, अर्थात श्रोणीभागात, दिलेल्या किरणांमुळे आणि त्यांच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या रसायनोपचारांमुळे रुग्ण स्त्रीच्या शरीरावर व मनावर होणारे परिणाम होत. मूत्राशय, मोठे व लहान आतडे, गुदाशय, योनिमार्ग, बीजकोश, कटीची हाडे आणि त्वचा हे सर्व अवयव गर्भाशयमुखाच्या अगदी जवळ असल्याने किरणांचा काही अंश त्यांच्यापर्यंत पोहोचतो. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर तीन महिन्यांच्या आत दिसणाऱ्या परिणामांना तात्कालिक, तर त्यानंतर उद्भवणाऱ्या परिणामांना दीर्घकालीन दुष्परिणाम म्हणतात. तात्कालिक दुष्परिणाम बहुतेक रुग्णांमध्ये कमी-अधिक प्रमाणात दिसतात व बहुतांशी ओसरतात. दीर्घकालीन दुष्परिणाम तुलनेने कमी जणींना होतात, पण ते चिवट असतात आणि लाजेमुळे पुष्कळदा सांगितलेच जात नाहीत.

पार्श्वभूमी

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे आहेत. ‘अंगावरून जाते’ एवढेच सांगून ती महिनोन्महिने अंगावर काढली जातात. त्यामुळे निदान होईपर्यंत आजार गर्भाशयाच्या बाजूच्या ऊतींमध्ये पसरलेला असतो आणि केवळ शस्त्रक्रियेने तो बरा होण्याची वेळ निघून गेलेली असते. अशा रुग्णांसाठी किरणोपचार हाच मुख्य उपचार ठरतो. आजार काहीसा पुढे गेलेला असला तरी तो मुळापासून बरा करण्याच्या हेतूने हे उपचार दिले जातात, ही गोष्ट रुग्ण व नातेवाईक यांच्या लक्षात येतेच असे नाही. ‘शस्त्रक्रिया करता येणार नाही’ या वाक्याचा अर्थ ‘आता काही उपाय नाही’ असा लावला जातो, आणि तो चुकीचा असतो.

महाराष्ट्रातील रुग्णांच्या बोलण्यात किरणोपचारांना ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. ‘शेक’ या शब्दामुळे उपचारात शरीर भाजले जाते अशी समजूत होते. प्रत्यक्षात बाहेरून किरण देताना उष्णता, चटका किंवा वेदना यांपैकी काहीही जाणवत नाही. छातीचा एक्स-रे काढताना जितके जाणवते तितकेच येथेही जाणवते. किरणांचा परिणाम पेशींच्या केंद्रकातील डीएनएवर होतो आणि तो दिसून येण्यास दिवस किंवा आठवडे लागतात. दुष्परिणाम पहिल्या दिवशी न दिसता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात, ते याच कारणामुळे.

उपचारांचे स्वरूप

प्रमाणित उपचारात तीन भाग असतात. पहिला भाग बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणांचा. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर अथवा कोबाल्ट यंत्राद्वारे आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे, एकूण ४५ ते ५० ग्रे इतकी मात्रा दिली जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र भारतातील अनेक केंद्रांत वापरले जाते. दुसरा भाग आठवड्यातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिसप्लॅटिन या औषधाचा. या मात्रेत त्याचे मुख्य काम कर्करोगाच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील बनवणे हे असते. तिसरा भाग आंतरकिरणोपचारांचा, म्हणजे ब्रेकीथेरपीचा. यात किरणोत्सारी स्रोत गर्भाशयाच्या आत व योनिमार्गाच्या टोकाशी काही मिनिटांसाठी नेला जातो.

सिसप्लॅटिनचा त्रास सोसण्याइतका त्याचा फायदा आहे काय, हा प्रश्न भारतीय रुग्णांच्या बाबतीत बराच काळ चर्चेत होता, कारण अनेक जणी रक्तक्षय व कुपोषण घेऊनच उपचारांना येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तिसऱ्या टप्प्याच्या ‘ब’ अवस्थेतील ८५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्याचे उत्तर दिले. केवळ किरणोपचार घेतलेल्या गटात पाच वर्षांनी आजारमुक्त असण्याचे प्रमाण ४३.८ टक्के होते, तर सिसप्लॅटिनची जोड दिलेल्या गटात ते ५२.३ टक्के होते.

उपचारात खंड पडण्याचा धोका

या आजाराच्या उपचारात कालमर्यादेला असाधारण महत्त्व आहे. बाह्य किरण आणि आंतरकिरणोपचार मिळून सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. उपचार लांबले की वाचलेल्या कर्करोगपेशी वेगाने वाढू लागतात. ही मर्यादा ओलांडल्यावर प्रत्येक वाढीव दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा अंदाज अनेक अभ्यासांतून निघाला आहे.

दुष्परिणामांचे व्यवस्थापन हा केवळ सोयीचा विषय राहत नाही, तो इथेच. जुलाब, अशक्तपणा किंवा भीती यांमुळे रुग्ण चार-आठ दिवस गावी निघून गेली, तर त्याचा थेट परिणाम आजार बरा होण्यावर होतो. पेरणी, लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा किंवा घरातील आजारपण ही खंड पडण्याची नेहमीची कारणे आहेत. याशिवाय आणखी एक कारण आढळते. बाह्य किरणांच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत रक्तस्राव व स्राव थांबतो, रुग्णाला बरे वाटू लागते आणि उपचार पुरे झाले असे समजून ती परत येत नाही. आंतरकिरणोपचार राहून गेले, तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. बाह्य किरणांची मात्रा कितीही काळजीपूर्वक दिली तरी ती या भागाची जागा घेऊ शकत नाही.

तात्कालिक दुष्परिणाम

आतड्याच्या तक्रारी सर्वाधिक आढळतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शौच पातळ होणे, पोटात कळ येणे, वारंवार जावे लागणे व गेल्यावरही साफ न वाटणे अशी लक्षणे दिसतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी सतत नव्याने तयार होत असतात आणि किरणांमुळे हा क्रम तात्पुरता मंदावतो. उपचार संपल्यावर दोन ते सहा आठवड्यांत बहुतेकींची आतडी पूर्ववत होतात. या काळात जलसंजीवनी, पेज, मऊ भात, मुगाचे वरण, ताक, केळे, साबुदाण्याची किंवा रव्याची पातळ खीर असा आहार मानवतो. दुधाने त्रास वाढत असेल तर ते काही काळ बंद करून ताक-दह्यावर राहावे असे सुचवले जाते. ठेचा, तळण, उसळी, कोबी आणि कच्ची कोशिंबीर टाळण्यास सांगतात. लोपेरामाईड हे औषध उपयोगी पडते, मात्र ते डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणातच घ्यावयाचे असते, कारण जंतुसंसर्गामुळे झालेल्या जुलाबात ते अपायकारक ठरू शकते. आतड्याला लेप बसावा म्हणून सुक्राल्फेट हे औषध तोंडावाटे देण्याची पद्धत एकेकाळी होती. श्रोणी किरणोपचारांच्या काळात त्याचा उपयोग होत नाही, उलट त्रास वाढू शकतो असे दिसून आल्याने ती आता शिफारस केली जात नाही.

पथ्याचा अतिरेक ही मराठी घरांतील वेगळी अडचण आहे. कर्करोग म्हटला की वांगे, आंबट, साखर, दूध, गव्हाची पोळी असे एकेक पदार्थ शेजारीपाजारी सांगतील त्याप्रमाणे बंद होत जातात आणि रुग्णाच्या ताटात शेवटी वरणभातही पुरेसा उरत नाही. साखर बंद केल्याने कर्करोगाची उपासमार होते, या समजुतीला आधार नाही. उपचारांच्या काळात वजन घटणे हे मात्र निश्चितपणे अपायकारक आहे. वजन घटल्याने त्रास सोसण्याची ताकद कमी होते, शिवाय शरीराचा आकार बदलल्यामुळे किरणांचे आखलेले क्षेत्रही चुकू शकते. अंडी, डाळी, शेंगदाण्याचे कूट, मांसाहारी घरांत मासे व कोंबडीचा रस्सा यांतून मिळणारी प्रथिने या काळात आवश्यक असतात.

मूत्राशयाच्या तक्रारींमध्ये लघवीला जळजळ, वारंवार व घाईने लागणे, रात्री अनेकदा उठावे लागणे यांचा समावेश होतो. लघवीला त्रास होतो म्हणून पाणी कमी पिणे ही नैसर्गिक प्रतिक्रिया असली तरी त्यामुळे लघवी गडद होऊन जळजळ वाढते. सिसप्लॅटिन घेणाऱ्या स्त्रीच्या मूत्रपिंडालाही त्यातून इजा पोहोचू शकते. जळजळ जंतुसंसर्गामुळेही असू शकते, म्हणून लघवीची तपासणी केली जाते.

अनेक केंद्रांत रोज किरण घेण्यापूर्वी लघवी करून ठरावीक प्रमाणात पाणी पिण्यास व ठरावीक वेळ थांबण्यास सांगितले जाते. भरलेले मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलते, त्यामुळे आतड्याचा मोठा भाग किरणांच्या मार्गातून बाहेर राहतो. रांगेत ताटकळत असताना हे पाळणे जिकिरीचे असते. तरीही कंटाळा करून रिकाम्या मूत्राशयाने टेबलावर जाणे म्हणजे स्वतःचे संरक्षण काढून टाकण्यासारखे आहे.

त्वचेवरील परिणाम मुख्यत्वे जांघेत, नितंबांच्या घडीत व योनीबाहेरील भागात दिसतात. त्वचा लालसर, मग काळसर होते, क्वचित सोलवटते. कोमट पाण्याने हलक्या हाताने धुणे, टिपून कोरडे करणे, सैल सुती कपडे वापरणे एवढ्याने बहुतेकींचे भागते. परकराची नाडी किंवा चापूनचोपून नेसलेले लुगडे काचते, तेव्हा या काळात सैल गाऊन सोयीचा पडतो. सुगंधी साबण, पावडर, गरम पाण्याची पिशवी, हळद किंवा बाम यांचा वापर डॉक्टरांना न विचारता करू नये असे सांगितले जाते. कातडीवर काढलेल्या खुणा पुसल्या जातील या भीतीने काही स्त्रिया पाच आठवडे आंघोळच करत नाहीत. खुणांवर घासू नये एवढेच अपेक्षित असते, आंघोळीला मनाई नसते.

थकवा जवळजवळ सर्वांनाच येतो. विश्रांती घेऊनही तो पूर्णपणे जात नाही. रोज थोडे चालणे व हलका व्यायाम यांनी तो कमी होतो, हे कर्करुग्णांवरील अनेक अभ्यासांत दिसले आहे. रुग्णाला सतत झोपवून ठेवण्याची घरच्यांची माया येथे उलटी पडते. रक्तक्षय हे थकव्याचे दुसरे कारण असल्याने हिमोग्लोबिन नियमित तपासले जाते व गरजेनुसार रक्त चढवले जाते.

सिसप्लॅटिनमुळे मळमळ व उलट्या होतात. ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन, ओलॅन्झापिन यांसारख्या औषधांमुळे त्या आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आटोक्यात राहतात. उलटी होण्याची वाट पाहून मग गोळी घेण्यापेक्षा सांगितलेल्या वेळी ती घेणे अधिक परिणामकारक असते. हे औषध मूत्रपिंडावर ताण आणते, कानात आवाज येऊ शकतो, क्वचित हातापायांना मुंग्या येतात. डोक्यावरचे सर्व केस जातील ही भीती बहुतेक स्त्रियांच्या मनात पहिल्या दिवसापासून असते. साप्ताहिक सिसप्लॅटिनमुळे सहसा टक्कल पडत नाही आणि श्रोणीभागावरील किरणांचा डोक्यावरच्या केसांशी संबंध नसतो. गळतात ते किरणांच्या क्षेत्रातील केस.

३८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप किंवा थंडी वाजणे, एकामागून एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, पाणीही पोटात न ठरणे, दिवसभर लघवी न होणे, पाय एकाएकी सुजून दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे पुढच्या भेटीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जाण्याची आहेत. रसायनोपचारांच्या काळात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना आलेला ताप घरच्या गोळीने उतरवून थांबणे जिवावर बेतू शकते.

आंतरकिरणोपचारांविषयीची भीती

संपूर्ण उपचारांत रुग्णांना सर्वाधिक धास्ती याच टप्प्याची असते. प्रसूतीच्या तपासणीप्रमाणे पाय वर घेऊन झोपवले जाते, मणक्यातून किंवा पूर्ण भूल देऊन अथवा गुंगी आणून धातूची वा प्लास्टिकची पोकळ नळी गर्भाशयात आणि तिच्या दोन्ही बाजूंना योनिमार्गात उपकरणे बसवली जातात. ती हलू नयेत व मूत्राशय-गुदाशय दूर ढकलले जावेत म्हणून योनिमार्गात जाळीच्या पट्ट्या घट्ट भरल्या जातात. त्यानंतर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून मात्रेची आखणी होते. या काळात काही तास न हलता पडून राहावे लागते आणि बहुतेकींच्या आठवणीत राहते ते हेच पडून राहणे. प्रत्यक्ष किरण देण्यास काही मिनिटे लागतात. इरिडियम-१९२ किंवा कोबाल्ट-६० चा लहानसा स्रोत यंत्रातून तारेच्या टोकाने आत जातो व काम होताच यंत्रात परत येतो. उपकरणे काढल्यावर शरीरात काहीही किरणोत्सारी उरत नाही.

नातवंडांना जवळ घेऊ नये, गरोदर सुनेने रुग्णाच्या खोलीत जाऊ नये, भांडी-कपडे वेगळे ठेवावेत असे निर्बंध घरोघरी पाळले जातात. बाहेरून किरण घेतलेली किंवा वरील पद्धतीने आंतरकिरण घेतलेली स्त्री किरणोत्सारी होत नाही, आणि कर्करोग स्पर्शाने, एकत्र जेवण्याने किंवा भांड्यांतून पसरत नाही. या निर्बंधांमुळे ज्या वेळी जवळच्या माणसांची गरज असते नेमक्या त्याच वेळी रुग्ण एकटी पडते.

वेदनाशमनाची सोय कशी आहे, भूल कोणती देणार, किती वेळा यावे लागणार हे आधी विचारून घेतल्यास भीती कमी होते. साधारणपणे दोन ते पाच वेळा ही प्रक्रिया केली जाते, संख्या केंद्राच्या पद्धतीवर व मात्रेवर अवलंबून असते.

दीर्घकालीन दुष्परिणाम

किरणांनी लहान रक्तवाहिन्या अरुंद होतात व ऊतींत तंतुमयता येते. ही प्रक्रिया संथ असल्याने तिचे परिणाम काही महिन्यांनी, कधी कधी अनेक वर्षांनी दिसतात. गुदाशयातून रक्त पडणे हे त्यांतील सर्वांत घाबरवणारे लक्षण आहे, कारण आजार उलटला असेच रुग्णाला वाटते. ते बहुधा किरणजन्य गुदाशयदाहामुळे असते आणि सहसा उपचार संपल्यापासून सहा महिने ते दोन वर्षांच्या काळात सुरू होते. थोडे रक्त पडत असेल व हिमोग्लोबिन टिकून असेल तर केवळ मल मऊ राखण्याने ते अनेकदा थांबते. जास्त असल्यास सुक्राल्फेटचा बस्ती, आर्गन वायूच्या साहाय्याने रक्तवाहिन्या बंद करणे असे उपाय केले जातात. तोंडावाटे निरुपयोगी ठरलेले तेच औषध बस्तीरूपाने उपयोगी पडावे, हा काहीसा विलक्षण भाग होय. दुर्बीण तपासणीत गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी घेणे शक्यतो टाळले जाते, कारण ती जखम न भरता योनिमार्गाशी जोडणारे छिद्र पडू शकते. गावच्या दवाखान्यात दुर्बीण तपासणी होणार असेल तर पूर्वी किरण घेतले होते हे सांगणे यासाठी महत्त्वाचे आहे. मूळव्याध समजून त्यावर इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया केली जाण्याचा धोकाही त्याने टळतो.

जुलाब महिनोन्महिने चालू राहिले तर त्यामागे पित्तक्षारांचे शोषण न होणे, लहान आतड्यात जिवाणूंची अतिवाढ, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता अशी वेगवेगळी व उपचार करता येण्याजोगी कारणे असू शकतात. ‘शेक घेतला म्हणून आता असेच राहणार’ हे उत्तर पुरेसे नाही. ब्रिटनमध्ये २१८ रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरावीक क्रमाने तपासण्या करून उपचार केलेल्या गटांना केवळ माहितीपुस्तिका दिलेल्या गटापेक्षा अधिक आराम पडला. प्रशिक्षित परिचारिकेने त्या क्रमानुसार केलेले उपचार पोटविकारतज्ज्ञाच्या उपचारांच्या तोडीचे ठरले.

आतड्याचे संरक्षण करण्यात तंत्रज्ञानाचाही वाटा आहे. टाटा स्मारक केंद्रात शस्त्रक्रियेनंतर किरणांची गरज असलेल्या ३०० स्त्रियांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिमामार्गदर्शित तीव्रतानियंत्रित किरणपद्धतीची तुलना त्रिमितीय पद्धतीशी केली गेली. तीन वर्षांनंतर आतड्याचे मध्यम वा अधिक तीव्र दीर्घकालीन दुष्परिणाम नव्या पद्धतीत २१.१ टक्के, तर जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के रुग्णांना झाले. आजार आटोक्यात राहण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्या होत्या.

मूत्राशयाची क्षमता कमी होणे, लघवीतून रक्त जाणे, क्वचित मूत्राशय व योनिमार्ग यांत छिद्र पडून लघवी सतत गळणे हे परिणामही दिसतात. खोकताना-शिंकताना लघवी सुटत असल्यास श्रोणीतळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये त्यांचे वर्णन केल्यामुळे ते त्यांच्या नावाने ओळखले जातात. लसिकाग्रंथी काढल्या असतील किंवा त्यांवर किरण दिले असतील तर एका अथवा दोन्ही पायांना सूज येते. विदर्भासारख्या भागात तिला हत्तीरोग समजले जाण्याचा संभव असतो. कटीच्या हाडांना, विशेषतः त्रिकास्थीला, किरकोळ भार पडूनही बारीक भेगा जाऊ शकतात. कंबरदुखीचे हे कारण एमआरआयवर ओळखता येते आणि हाडांत पसरलेल्या आजारापासून ते वेगळे काढणे आवश्यक असते. धूम्रपानामुळे दीर्घकालीन दुष्परिणामांचा धोका वाढतो. तंबाखू व मिश्रीही सोडण्याचा सल्ला दिला जातो.

पाळी जाणे आणि लैंगिक जीवन

बीजकोश किरणांना अतिशय संवेदनशील असल्याने श्रोणीभागावर पूर्ण मात्रा दिल्यावर पाळी कायमची जाते व गर्भधारणा शक्य राहत नाही. पस्तिशीतील स्त्रीला काही आठवड्यांत गरम वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड आणि पुढे हाडे ठिसूळ होणे यांना सामोरे जावे लागते. काही तरुण रुग्णांचे बीजकोश शस्त्रक्रियेने किरणक्षेत्राबाहेर सरकवता येतात. हा निर्णय उपचार सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या, म्हणजे खवलेपेशीय, प्रकारात संप्रेरकांचा पुरवठा करणे सहसा वर्ज्य नसते, तरी कर्करोग म्हणजे संप्रेरके निषिद्ध असे गृहीत धरून तरुण स्त्रियांना ते सुचवलेच जात नाहीत असे घडते.

योनिमार्ग कोरडा पडणे, आखूड व अरुंद होणे, भिंती एकमेकींना चिकटणे हा दीर्घकालीन परिणाम टाळण्यासाठी विस्फारक नावाचे गुळगुळीत, गोलसर टोकाचे साधन वापरण्यास सांगितले जाते. दाह ओसरल्यावर, उपचारानंतर साधारण महिन्याभरात, स्निग्ध जेल लावून आठवड्यातून दोन-तीन वेळा काही मिनिटे ते वापरावयाचे असते. लैंगिक संबंध ठेवायचे नसले तरी त्याचा उपयोग आहे, कारण योनिमार्ग बंद झाल्यास पुढील तपासण्या करता येत नाहीत. ही गोष्ट समजावून सांगितली नाही तर विधवा किंवा वयस्कर स्त्रिया ते साधन पिशवीतून बाहेरही काढत नाहीत.

जखमा भरल्यानंतर संबंध ठेवण्यास वैद्यकीय मनाई नसते. त्यामुळे आजार उलटत नाही आणि पतीला कर्करोग होत नाही. या कर्करोगाच्या मुळाशी मानवी पॅपिलोमा विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो, हे कळल्यावर काही घरांत स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या चारित्र्यावर संशय घेतला जातो. हा विषाणू अतिशय सर्वसामान्य आहे, लैंगिक जीवन असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना तो केव्हा ना केव्हा होतो. संसर्ग व कर्करोग यांत सहसा दहा वर्षांहून अधिक काळ गेलेला असतो. तो केव्हा व कोणाकडून आला हे सांगता येत नाही, आणि म्हणून त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

मानसिक ताण

निदानाचा धक्का, उपचार लागू पडेल की नाही ही शंका, घराबाहेर राहण्याचा खर्च, मुलांची काळजी आणि तपासणीच्या वेळी वाटणारी लाज यांतून अस्वस्थता, झोप न लागणे व नैराश्य येते. कर्करुग्णांच्या मनाचा स्वतंत्र अभ्यास करणारी सायको-ऑन्कोलॉजी ही शाखा न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांच्या कार्यातून १९७०च्या दशकात आकाराला आली. ताण मोजण्यासाठी शून्य ते दहा अशा खुणा असलेली तापमापीसारखी पट्टी वापरली जाते. तीवर चार किंवा अधिक खूण झाल्यास पुढील चौकशी करावी असा संकेत आहे. ग्रामीण रुग्ण ‘ताण’ हा शब्द क्वचितच वापरतात. ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडते’, ‘कशात मन लागत नाही’ किंवा नुसतेच ‘अंग दुखते’ अशा शब्दांत तो व्यक्त होतो.

निदान रुग्णापासून लपवण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. ‘गाठ आहे, शेकाने विरघळेल’ असे सांगितलेली स्त्री कर्करोग रुग्णालयाच्या फलकाखालून रोज आत जाते, आणि तिला काही कळत नाही असे घरचे समजतात. लपवाछपवीमुळे तिला प्रश्न विचारता येत नाहीत, दुष्परिणामांचा अर्थ लागत नाही आणि उपचार मध्येच सोडण्याची शक्यता वाढते. किती सांगायचे हे रुग्णाच्या इच्छेवर सोडावे व तिला काय जाणून घ्यायचे आहे हे आधी विचारावे, अशी पद्धत तज्ज्ञ सुचवतात.

निवास, प्रवास आणि खर्च

पाच-सहा आठवडे रोज रुग्णालयात यावे लागत असल्याने दूरच्या रुग्णांसाठी निवास हीच पहिली चिंता असते. मुंबईत दादर येथील गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा व परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्था बाहेरगावच्या रुग्णांची व नातेवाइकांची अल्प दरात सोय करतात. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेली इंडियन कॅन्सर सोसायटी आर्थिक मदत व समुपदेशन पुरवते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय यांसारख्या केंद्रांमुळे मराठवाडा व विदर्भातील अनेक रुग्णांना मुंबई गाठावी लागत नाही.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. किरणोपचार व रसायनोपचार तिच्या कक्षेत येतात. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वे व एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. ही कागदपत्रे रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांकडे तयार होतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटल्यास पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

उपचारानंतरची देखरेख

पहिली दोन वर्षे साधारणपणे दर तीन ते सहा महिन्यांनी, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा ते बारा महिन्यांनी तपासणी केली जाते. आजार उलटल्यास तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. तपासणीची तारीख जवळ येताच झोप उडणे, जुनी लक्षणे पुन्हा जाणवू लागणे हा अनुभव सर्वसाधारण आहे. या भेटीत डॉक्टरांचे लक्ष आजार परत आला आहे का याकडे असते, त्यामुळे शौच, लघवी, संबंधांतील वेदना किंवा पायाची सूज यांविषयी आपणहून न सांगितल्यास त्या तक्रारींची नोंद होत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांसाठी सोबतच्या व्यक्तीने तक्रारींची यादी लिहून आणणे, आणि तपासणीच्या वेळी पुरुष नातेवाइकाला बाहेर थांबवून परिचारिकेने स्वतंत्रपणे विचारणे, या दोन साध्या उपायांनी न बोलले गेलेले बरेच काही समोर येते.